त्रेचाळीस गुणांचं बावखल

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मी बोरिवलीच्या गाडीची वाट बघत उभी होते. पिशवीत दोन चहाच्या गाळण्या, एक पांढरी इनॅमलची थाळी, भिंग, चिमटा आणि मामेभावासाठी कंदी पेढे एवढा ऐवज होता. शेजारच्या बाईंनी पिशवीतून डोकावणाऱ्या थाळीकडे बघत चौकशी केली, "रुखवताला का?"

"नाही," मी म्हटलं. "एका तळ्याची परीक्षा घ्यायला निघालेय."

त्यांनी आपली पर्स पोटाशी घेतली.

तुम्हां वाचकांना नीट सांगते, म्हणजे तुम्ही तरी पर्स आवळणार नाही. मी बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, मी तळ्यांतला गाळ गाळून त्यातले किडे मोजते. पाणी किती बिघडलं आहे हे कळायला दर वेळी प्रयोगशाळाच लागते असं नाही. त्यात कोण राहतं ते बघावं. काही जीव फार नाजूक, पाणी जरा बिघडलं की आधी घर सोडतात. काही निगरगट्ट, गटारातही संसार थाटतात. नाजूक जीव सापडला की जास्त गुण, निगरगट्ट सापडला की कमी, आणि बेरीज करून पाण्याचा निर्देशांक काढायचा. या यादीत फक्त पाठीचा कणा नसलेल्या जीवांना जागा आहे. कणा नसलेल्यांनाच गुण मिळतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं नोकरी केली आहे.

मामेभाऊ सुहास नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहतो, मुंबईत नोकरीला जातो आणि उरलेल्या वेळात पर्यावरणाची काळजी करतो. वसई-विरारकडच्या तळ्यांची तपासणी होणार, प्रत्येक तळ्याला शंभरपैकी गुण मिळणार, साठ किंवा जास्त पडले तर ते 'जिवंत' म्हणून राखायचं आणि कमी पडले तर 'मृतप्राय' म्हणून बुजवायला मोकळीक, असा एक कागद कुठल्याशा कार्यालयातून निघाला होता. तपासायला स्थानिक समिती आणि सोबत एक मानद तज्ज्ञ. मानद म्हणजे फुकट. सुहास त्या समितीत होता आणि त्याने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. आमच्या घराण्यात फुकट मिळण्यासारखं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं.

बोरिवलीला सुहास गाडी घेऊन आला होता. हायवेला वैतागलेल्या माणसाच्या उत्साहाने त्याने मला भाईंदरच्या जेट्टीवर नेलं, कारण तिथून गाडीसकट माणसांना खाडीपार वसईला नेणारी बोट सुटते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. खाडीचं पाणी मातकट, काठाला तिवरांची (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) दाट झाडी, डावीकडे समुद्राकडे उघडणारं रुंद तोंड, आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा किल्ल्याचा काळा तट. वसईचं पहिलं दर्शन असं पाण्यावरून झालं हे मला फार आवडलं. सुहास मात्र फोनमध्ये हवेचा निर्देशांक बघत होता.

"ताई, आत्ता एकशे अठरा आहे. मॉडरेट. मास्क लाव."

कठड्याशी एक कोळीणबाई रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, वारा मावळतीचा हाय. दर्याची हवा हाय ती. खा थोडी."

सुहासने अदबीने त्यांना फोनवरचा आकडा दाखवला.

"त्यात वारा कुठचा ते दिसतं काय?"

"नाही, तसं नाही दिसत."

"मंग," असं म्हणून बाईंनी तोंड पुन्हा समुद्राकडे वळवलं. मी मास्क लावला नाही.

आचोळ्यातलं सुहासचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक खिडकी. खिडकी एकच असली तरी तिचा कारभार मोठा. फोनवर हिरवा रंग आला की सुहास ती उघडतो, पिवळा आला की अर्धी लोटतो, नारिंगी आला की घट्ट बंद करतो आणि पंखा लावून घाम पुसत बसतो. हवा मोजणारं ते यंत्र नेमकं आहे कुठे, असं मी विचारलं. शोधाशोध करून त्याने सांगितलं की सगळ्यात जवळचं यंत्र खाडीपलीकडे आहे. म्हणजे पलीकडच्या लोकांनी काय हुंगलं त्यावर हा अलीकडचा माणूस खिडकी लावत होता. शेजारच्या घरात कुणी शिंकलं म्हणून आपण गोळी घ्यावी, तसं.

त्याच्या बायकोचं, माधवीचं, स्वतःचं मोजमाप होतं. तिने टीव्हीखालच्या काळ्या काचेवर बोट फिरवून माझं नाव लिहिलं. "सकाळी पुसलं होतं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत नुसतं नाव लिहिता आलं तर दिवस बरा. पत्त्यासकट लिहिता आलं तर मी कपडे आत घेते." ही पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटली. सुहासला वाटली नाही, कारण तिच्यात रंग नव्हते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सुहासने रजा टाकली आणि मला आधी सातिवलीला नेलं. वसई पूर्वेचा हा पट्टा म्हणजे छोट्या कारखान्यांची आणि गोदामांची दाटी. पत्र्याची छपरं, मधून ट्रक, आणि सगळ्यांच्या पाठीमागून वाहणारा एक नाला. या नाल्याचाही निर्देशांक निघतो आणि तो गेली काही वर्षं 'मध्यम' आहे, असं सुहास म्हणाला. मी नाल्यात डोकावले. मध्यम पाणी निळं होतं. आकाशासारखं निळं नव्हे, शाईसारखं.

नाल्याच्या कडेला हिराबाईंची चहाची टपरी होती. बाई मिठागराकडच्या गावच्या, सातिवलीत टपरी टाकून बरीच वर्षं झालेली. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "आज बुधवार ना, म्हनून निलं."

"म्हणजे?"

"सोमवारी काला असतो. मंगलवारी लाल पानी. बुधवारी ह्ये असं. माझ्या घरात कालनिर्नय नाय लागत बाई, मी नाला बघतं."

"मग तपासायला येतात त्यांना हे दिसत नाही का?"

"येतात ना. सुट्टीच्या दिशी येतात. कारखाने बंद, रस्ता मोकला, गाडी लावायला जागा. त्या दिशी पानी अगदी साफ. बाटली भरतात, माझा चहा पितात, जातात." त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. "भली मानसं हायेत. कप धुवून ठेवतात."

चहा उत्तम होता. तो कुठल्या पाण्याचा, हे मी विचारलं नाही. प्रवासात काही प्रश्न न विचारण्यातच पोटाचं भलं असतं.

तिथून आम्ही उमेळ्याला गेलो. वसई रोड स्टेशनपासून हे गाव फार लांब नाही, पण वाटेत जग दोनदा बदलतं. आधी इमारती, मग अचानक केळीची बाग, माडांची रांग, पानवेलीचा मांडव, मग पुन्हा एक इमारत, बागेत पाय देऊन उभी. अशा एका इमारतीच्या पाठीला पास्कूबाबांची वाडी आहे. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बनियन, गळ्यात क्रूस. बायकोशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, जी मला निम्मीच कळे, आणि माझ्याकडे वळले की शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी. मी शिकवत होते एवढं कळल्यावर त्यांनी मला 'टीचर' करून टाकलं.

आणि मग त्यांनी मला बावखल दाखवलं. बावखल म्हणजे बागायतीत खणलेलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि खालून आत घुसू बघणारं खारं पाणी दूर ठेवतं. वसईच्या जुन्या वाड्यांचा सगळा गोडवा या बावखलांच्या जिवावर. पास्कूबाबांचं बावखल फार मोठं नव्हतं, कडेला दगड, वर एक वाकलेला माड, आणि पाणी हिरवट, शेवाळाचं. पण त्यावर चतुर फिरत होते, टाचण्या (चतुरांच्या बारीक बहिणी) गवताच्या पात्यांवर बसल्या होत्या, निवळ्या (लांब पायांचे पाणकिडे) पाण्यावर घसरगुंडी खेळत होत्या. मला राहवलं नाही. गाळणी काढली, कडेचा मूठभर गाळ थाळीत ओतला आणि भिंग लावलं. चतुराची पिल्लं, शंखी, पाणविंचू, पाणढेकूण, आणि दोन अशी नाजूक पिल्लं की जी मला साताऱ्याजवळ फक्त एका झऱ्यात सापडली आहेत. कुठल्याशा पानाखालून बेडकांनी टर्र लावली होती. मनातल्या मनात मी बेरीज केली. शेवाळामुळे पाण्याचे गुण थोडे कमी पडले असते, पण किडे सगळं भरून काढत होते. तळं पहिल्या वर्गाच्या आसपास होतं.

पास्कूबाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड कोरं ठेवलं.

"टीचर, हे माझ्या आजोबांनी खणलं," ते म्हणाले. "पण सातबारावर जागा सरकारी लागलीय. ते आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता त्या इमारतीवाल्यांनी अर्ज दिलाय, हे बुजवून पार्किंग करा. हे बुजलं की माझी विहीर खारी होणार. विहीर खारी झाली की केळी गेली, पानवेल गेली. मग मी कुठे जाऊ? पार्किंगात उभा राहू?"

"शनिवारी समिती येईल," मी म्हटलं.

"पास व्हायला काय करावं लागेल?"

इथे मला खरं सांगायला हवं. माझ्या फॉर्मवर छापलं होतं की तपासणीपूर्वी निकष संबंधितांना सांगू नयेत. पण छापलं नसतं तरी मी सांगितलं नसतं. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही पेपर फुटला नव्हता, सख्ख्या भाच्याला मी प्रॅक्टिकलला नापास केलं होतं, आणि या गोष्टींचा मला अजून माज होता. "परीक्षकाला असं विचारायचं नसतं, पास्कूबाबा," मी म्हटलं, आणि वर हसलेही.

ते ओशाळले. "चुकलं," म्हणाले. त्यांच्या बायकोने, कात्रीनबाईंनी, गवती चहाची पात घातलेला चहा आणि सुकेळी आणली. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवून केळीच्या सोपटात (खोडाच्या वाळक्या सालीत) बांधलेली राजेळी केळी. रंग काळपट तपकिरी, चव अशी की साताऱ्याच्या पेढ्यांविषयी आपण आजवर काय काय बोललो ते आठवून जरा लाजायला व्हावं. मी चार खाल्ली आणि मोठ्या समाधानाने उठले. न्यायाधीशाने केस आधीच ठरवून टाकावी आणि मग चहा प्यावा, तसं ते समाधान होतं.

गुरुवार-शुक्रवार मी निवांत भटकले. किल्ल्यात हिंडले. तिथल्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं आणि फोटोग्राफर त्यांना "नॅचरल हसा" असं ओरडून सांगत होता. शुक्रवारी सुहास आगाशीहून भुजिंग (भाजलेली कोंबडी आणि पोहे यांचं झणझणीत मिश्रण) घेऊन आला. त्याचा तिखटपणा कुठल्याही निर्देशांकात बसणारा नव्हता. मी पाण्यासाठी धावले तेव्हा दिसलं की माधवीने सोबतची कांदाभजी माझ्या इनॅमलच्या थाळीत काढली आहेत. थाळी तेलाने माखलेली, आणि तेलाच्या थाळीत किडे मोजता येत नाहीत. मी ती राखेने, साबणाने, लिंबाने घासली आणि वर माधवीला वैज्ञानिक उपकरणांवर एक छोटं व्याख्यान दिलं. बावखलाच्या परीक्षेला आपण किती काटेकोर आहोत, या विचाराने मला छान झोप लागली.

शनिवारी सकाळी वाडीच्या तोंडाशीच मी थबकले. माडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना फासला होता. कडेचं गवत साफ होतं. पास्कूबाबा रविवारी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) घालायचा कोट घालून उभे होते. समितीचे लोक आले होते आणि कार्यालयाकडून आलेले एक साहेब हातात टॅब घेऊन फिरत होते. पास्कूबाबांनी मला हात धरून कडेला नेलं.

"टीचर, बघा. तळ दिसतो."

तळ दिसत होता. एकूण एक दगड दिसत होता. पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि त्यावर काहीसुद्धा हलत नव्हतं.

"काय घातलंत पाण्यात?" मी विचारलं.

"आधी चार माणसं लावून शेवाळ काढलं. सगळं गवत काढलं. मग ब्लिचिंग पावडर. मग काल तुरटी फिरवली. कात्रीनचा तांब्या सापडला, चाळीस वर्षांपूर्वी बुडालेला." त्यांनी तो घासलेला तांब्या मला दाखवला. "परीक्षा म्हटल्यावर पोरांनाही आपण नखं कापून पाठवतो ना टीचर."

पावडर किती घातली, हे मी विचारलं. "कमी पडायला नको म्हणून जास्तच," ते म्हणाले. कात्रीनबाईंनी दोन टोपल्या मासे माडाच्या बुडाशी पुरले होते.

मी गाळणी बुडवली. थाळीत स्वच्छ पाणी आलं. दुसरीकडे बुडवली, तिसरीकडे बुडवली, खालचे दगड उलटले, हाताच्या कोपरापर्यंत भिजले. त्या घासूनपुसून लख्ख केलेल्या थाळीत मला माझाच चेहरा दिसत होता आणि तो बघवत नव्हता. शेवटी शेजारच्या वाडीतून उडत आलेली एक निवळी पाण्यावर टेकली. मी ती मोजली. दुसरं काही मोजायला नव्हतं.

टॅबवाले साहेब खूश होते. "पाण्याचं पान आधी घेऊ. रंग, वास, पारदर्शकता... एक्सलंट, मॅडम. चाळीसपैकी चाळीस. एवढं कुठेच आलेलं नाही." मग त्यांनी दुसरं पान उघडलं. "आणि जीव?"

"एक निवळी."

"तिचे तीन. टोटल त्रेचाळीस." टॅब लाल झाला. "मृतप्राय आलं, मॅडम."

मी त्यांना बुधवारचं सगळं सांगितलं. चतुर सांगितले, शंखी सांगितल्या, दोन नाजूक पिल्लांची शास्त्रीय नावंसुद्धा सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, बुधवार सिस्टीममध्ये नाही," ते म्हणाले.

हिराबाईंचा नाला मला आठवला. तो सहा दिवस मेलेला असतो, तपासतात त्या एका दिवशी स्वच्छ असतो आणि कागदावर मध्यम ठरतो. हे बावखल तीन पिढ्या जिवंत होतं, तपासलं त्या एका दिवशी मेलेलं होतं आणि कागदावर मेलेलंच ठरलं. दोन्हीकडे आकडा अगदी बरोबर होता. तो चुकला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

पास्कूबाबा जवळ आले. कोटाची बटणं त्यांनी अजून लावलेलीच होती. "चाळीसपैकी चाळीस मिळाले ना, टीचर? मग नापास कसे?"

मला माझी लाज वाटली. ती सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत. या माणसाने बुधवारी मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी एका वाक्यात उत्तर देऊ शकले असते की बाबा, याला हात लावू नका. पण मी परीक्षक होते. प्रामाणिक होते. माझ्या प्रामाणिकपणाने त्यांचं बावखल मारलं होतं. ब्लिचिंग पावडर फक्त त्यांच्या हातची होती.

टॅबमध्ये खाली एक छोटा चौकोन होता, 'पुनर्तपासणी'. मी साहेबांना तो भरायला लावला. "साठ दिवसांनी होईल," ते म्हणाले. "तोवर भराव टाकता येणार नाही. पण तज्ज्ञ दुसरा येईल. तुम्हाला परत येता येणार नाही, रूल आहे."

"एटीकेटी मिळाली म्हणजे," सुहास म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे एकच उपयोगी वाक्य.

समिती गेल्यावर मी पास्कूबाबांना आणि कात्रीनबाईंना ओट्यावर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पेपर फोडला. प्रश्न सांगितले, उत्तरं सांगितली, कुठल्या किड्याला किती गुण तेही सांगितलं. पिशवीतला चित्रांचा तक्ता काढून त्यांच्या हातात दिला. दहा दिवस जाऊ द्या, पावडरीचा जोर उतरेल. मग शेजारच्या वाडीतल्या बावखलातून गाळासकट, शेवाळासकट, घाणीसकट पाणी आणा आणि यात ओता. कडेला गवत वाढू द्या, पाला पडू द्या. आणि मग याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पास्कूबाबांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला. कात्रीनबाई माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे काहीच करायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"हे बुधवारी सांगितलं असतं, बाय, तर यांची पाठ तरी वाचली असती. दोन दिवस कमरेला तेल चोळतेय मी." एवढं बोलून त्या आत गेल्या. मला वाटलं, आता चहा येणार नाही. पण चहा आला, आणि सोबत बांधून दिलेली सुकेळी. त्याने मला जास्तच लागलं.

रविवारी बोटीनेच परतले. सुहासने जेट्टीवर फोन काढला आणि न बघताच खिशात ठेवला. मी कठड्याशी उभी राहून वारा कुठला आहे ते बघत होते. मला कळलं नाही. शिकायला वेळ लागेल. साताऱ्याला मैत्रिणींनी विचारलं, वसई कशी आहे? मी म्हटलं, पाहुणचारात शंभरपैकी शंभर, आणि पाहुणी नापास. त्यांना तो विनोद वाटला.

मोजू नये असं मी म्हणत नाही. मोजलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचं पार्किंग होतं. पण मोजायला जाणाऱ्याने एकदा स्वतःलाही गाळणीतून काढावं. त्या बावखलात सगळ्यात मोठं प्रदूषण बुधवारी दुपारी आलं होतं, सुती साडी नेसून, हातात भिंग घेऊन, आणि चार सुकेळी खाऊन गेलं होतं. त्याच्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

नाताळ झाला, जानेवारी निम्मा उलटला. एका संध्याकाळी फोन वाजला. पास्कूबाबा होते.

"टीचर, पाणी घाण झालंय," ते आनंदाने म्हणाले. "तळ अजिबात दिसत नाही. कात्रीनने तांब्या परत आत टाकला. म्हणाली, पूर्वीसारखंच असू दे सगळं."

"आणि परीक्षा?"

"आज झाली. तुमच्यासारखेच एक सर आले होते. त्यांनीही काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. चौसष्ट पडले."

मी खुर्चीत बसले. माझ्या विद्यार्थ्यांच्या कुठल्याही निकालाला माझे डोळे भरले नव्हते, या चौसष्टाला भरले.

"पण टीचर," पास्कूबाबा म्हणाले, "मी तक्ता घेऊन रोज सकाळी मोजत होतो. चतुर धरले, शंखी धरल्या, सगळे धरले. बेडकांचे किती गुण ते मात्र तक्त्यात सापडले नाहीत. दहा-बारा तरी आहेत आता. ऐका."

त्यांनी फोन बावखलाकडे धरला असावा. टर्र-टर्र इतकी जोरात आली की मी फोन कानापासून लांब धरला.

"बेडकांना गुण नसतात, पास्कूबाबा," मी म्हटलं. "त्यांना पाठीचा कणा असतो. ते यादीत बसत नाहीत."

पलीकडे बेडकांचा सूर आणखी चढला.

"मग त्यांना ते सांगू नका, टीचर," पास्कूबाबा हळूच म्हणाले. "संध्याकाळ झाली की जीव तोडून ओरडतात बिचारे."

बेडकांना कधीच सांगणार नाही, असं मी वचन दिलं. एवढा एक पेपर मी फोडलेला नाही.